कॅशे म्हणजे काय, हे कुठे बघायचं?



एखादं संकेतस्थळ नीट उघडत नाही म्हणून आपण मदतकेंद्राला फोन लावतो. पलीकडून सांगतात, "ब्राउझरची कॅशे क्लिअर करा." आपण "बरं" म्हणतो, पण बटण दाबायला हात धजत नाही. आपले फोटो तर जाणार नाहीत ना?

ही भीती घालवायची सोय फुकट उपलब्ध आहे. डेनिस हाऊ यांनी १९८५ साली संगणकाच्या परिभाषेचा एक इंग्रजी कोश सुरू केला. फोल्डॉक या नावाने तो इंटरनेटवर आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने त्याला जागा दिली. त्यात कॅशेची नोंद वाचली की उलगडा होतो: नुकतीच वापरलेली माहिती पुन्हा चटकन मिळावी म्हणून हाताशी ठेवलेली ती प्रत असते. मूळ माहिती जागच्या जागी राहते. म्हणजे कॅशे पुसली, तर फार तर पान पुढच्या वेळी जरा सावकाश उघडेल. मात्र कॅशे पुसायच्या खिडकीत कुकीज आणि पासवर्ड यांच्यापुढेही चौकोन असतात, ते नीट बघा. कुकीज पुसल्या तर ठिकठिकाणी पुन्हा लॉग-इन करावं लागतं. साठवलेले पासवर्ड पुसले गेले आणि ते पाठ नसले, तर मग खरी पंचाईत.

नोंद वाचताना अडलेल्या शब्दावर क्लिक करत पुढे जा आणि खालची तारीखही बघा. बाइट किंवा प्रोटोकॉलची जुनी व्याख्या आजही चालते. फिशिंग, रॅन्समवेअर अशा सुरक्षेच्या शब्दांना मात्र ताजी नोंदच हवी. त्यासाठी अमेरिकेतल्या निस्ट या मानकसंस्थेची शब्दसूची चांगली आहे. १९७५ मध्ये स्टॅनफर्डला सुरू झालेली जार्गन फाइल ही प्रोग्रामरांच्या आपसांतल्या बोलीची. ती जरूर वाचा, पण हौस म्हणून.

मराठीत भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश जालावर आहेत. ते प्रतिशब्द देतात. पण घाबरलेल्या माणसाला प्रतिशब्द पुरत नाही, त्याला समजावून सांगणारा परिच्छेद लागतो. मराठी विकिपीडियावर असा परिच्छेद कुणालाही लिहिता येतो. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: वर्गात विद्यार्थी ज्या शब्दांना अडतात, ते वहीत टिपून ठेवा आणि त्यांतल्या एकाची नोंद या सुट्टीत लिहायला घ्या.