व्यसनी घरातील मुले
(वर्धापन समारंभातील भाषण)



दारुड्याच्या घरातली मुले पावलांच्या आवाजावरून रात्र कशी जाणार ते ओळखतात. आम्ही भावंडे तशीच वाढलो. पगाराच्या दिवशी अम्मी फीचे पैसे पिठाच्या डब्यात लपवी. आमच्यात मद्य निषिद्ध. म्हणून लाज दुप्पट, आणि बोलायचे तरी कोणापाशी?

व्यसन हा आजार आहे, हे फार पुढे कळले. १९८६ साली पुण्यात निघालेल्या मुक्तांगणात व्यसनी माणसाला रुग्ण मानतात, घरच्यांनाही धीर देतात. आजार म्हटल्याने अम्मीचे हाल पुसले जात नाहीत. तरी अब्बांच्या अखेरच्या दुखण्यात आम्ही त्यांना घास भरवला आणि आमचा राग निवला.

शेजारी असे घर असेल, तर तिथल्या मुलाला जवळ घेऊन सांगा, "बाळा, यात तुझा दोष नाही."