इमोजीन खिंडीची वाट

(डोंगरभटकंतीची आवड असणाऱ्या श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना घाटवाटेचे महत्त्व समजावून सांगावयास नको. माल चढवण्या-उतरवण्यासाठी वाट पडते. पुढे माल थांबतो, नाकी ओस पडतात, आणि वाट मात्र पायी चालणाऱ्यांसाठी उरते. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील सॅन वान पर्वतराजीत अशीच एक वाट आहे. यूरे आणि टेल्यूराइड ही खाणकामावर उभी राहिलेली दोन गावे ती जोडते आणि मध्ये इमोजीन नावाची खिंड ओलांडते. खिंडीची उंची १३,११४ फूट, म्हणजे सुमारे ४,००० मीटर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, एवढे सांगितले म्हणजे या उंचीची कल्पना येईल.

वाटेची लांबी सुमारे साडेसत्तावीस किलोमीटर. यूरे गाव २,३७५ मीटरवर आहे. तेथून खिंडीपर्यंत सोळा किलोमीटरांत १,६०० मीटरांहून अधिक चढ चढावा लागतो आणि मग टेल्यूराइडपर्यंत अकरा किलोमीटरांची उतरण लागते. १९७४ पासून या वाटेवर पळण्याची शर्यतही होत असते. सामान्य चालणाऱ्याने मात्र घाई करू नये. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहूनही कमी असतो. खालच्या मुलखातून आलेल्या माणसाने दोनचार दिवस यूरेत राहून शरीराला विरळ हवेची सवय करून दिली नाही, तर डोके दुखू लागते, मळमळते आणि पाय जड होतात. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांची वादळे येतात, आणि झाडांची हद्द संपल्यावर आडोसा म्हणून काही राहत नाही. म्हणून जाणकार मंडळी पहाटे अंधारातच गाव सोडतात आणि दुपारच्या आत खिंड उतरू लागतात. बर्फामुळे वाट वर्षातील बहुतेक महिने बंदच असते. जुलै ते सप्टेंबर हाच काय तो खरा हंगाम.

यूरे हे नाव यूट जमातीच्या एका प्रमुखाचे. हा सारा डोंगराळ मुलूख यूट लोकांचा होता. सोन्याचांदीच्या शोधात गोरे लोक घुसू लागल्यावर १८७३ मध्ये करार होऊन तो त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. प्रमुख यूरे १८८० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या लोकांना यूटा प्रांतात घालवून देण्यात आले. गावाला नाव ज्याचे, त्याच्याच माणसांना तेथे राहता आले नाही. ‘घालवून देणे’ हा शब्द या वाटेवर पुन्हा एकदा भेटणार आहे.

गावातून निघाल्यावर वाट कॅनियन क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाने चढते. काही ठिकाणी ती कड्यात खोदून काढलेली आहे. एका बाजूस खडक, दुसऱ्या बाजूस खोल दरी. पूर्वी येथून खेचरांचे तांडे जात. पीठ, डबे, सुरुंगाची दारू, लाकूड, कोळसा सारे खेचरांच्या पाठीवरून वर जाई आणि खनिज खाली येई. रज्जुमार्गासाठी लागणारी पोलादी दोरी तोडता येत नसे; मग तिची वेटोळी करून एकामागून एक उभ्या केलेल्या खेचरांवर ती सलग लादण्यात येई. एक खेचर घसरले तर काय होत असेल, ते सांगण्याची गरज नाही. यूरेला आगगाडी १८८७ मध्ये आली, टेल्यूराइडला १८९० मध्ये. परंतु खाणीच्या तोंडापर्यंत खेचरेच जात राहिली.

आठदहा किलोमीटर चालल्यावर कॅम्प बर्ड ही खाण लागते. १८९३ मध्ये चांदीचा भाव कोसळला आणि या डोंगरातल्या बऱ्याच खाणी ओस पडल्या. आयर्लंडहून आलेल्या टॉमस वॉल्श नावाच्या माणसाने १८९६ मध्ये येथील जुन्या खाणींतील टाकाऊ समजला गेलेला दगड तपासून घेतला. आधीचे लोक चांदी शोधत होते. सोने त्यांच्या डोळ्यांसमोरून निसटले होते. १९०२ मध्ये वॉल्शने ही खाण सुमारे बावन्न लक्ष डॉलरना एका इंग्रजी कंपनीस विकली. कामगारांसाठी त्याने बांधलेल्या वसतिगृहात विजेचे दिवे व नळाचे पाणी होते आणि जेवणही चांगले मिळे, अशी त्याची ख्याती होती. खिंडीला जे इमोजीन हे नाव मिळाले, ते वॉल्शचा साथीदार अँड्र्यू रिचर्डसन याच्या पत्नीचे.

वॉल्शच्या संपत्तीचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. त्याची कन्या एव्हलिन हिने १९११ मध्ये पतीसह ‘होप’ नावाचा प्रसिद्ध निळा हिरा विकत घेतला. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा पूर्वेकडे जाते, तिच्या काठच्या गोवळकोंडे राज्यातील कोल्लूरच्या खाणीतून हा हिरा निघाला असे मानतात. टॅव्हर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने तो फ्रान्सला नेऊन चौदाव्या लुईस विकला. १९५८ पासून तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. कोल्लूरच्या खाणीत खपलेल्या माणसांची नावे कोणास ठाऊक नाहीत.

खिंडीतील चौकी

कॅम्प बर्डच्या वर झाडे संपतात. पायाखाली सुटे दगड, उतारांवर जुलैतही बर्फाचे पट्टे आणि ओल्या कुरणांत निळी-पांढरी कोलंबाइनची फुले. येथील ओढ्यांचे पाणी पिऊ नये. जुन्या खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यात धातूंचे अंश असतात. उघड्या पडलेल्या बोगद्यांत डोकावण्याचा मोहही आवरावा, कारण आतील लाकडी आधार कुजलेले असतात. एकदोन किलोमीटर तर दर पन्नास पावलांवर थांबावे लागते. खिंडीत पोहोचल्यावर बहुतेक जण छायाचित्र काढतात आणि पलीकडे उतरू लागतात. थोडी शक्ती उरली असेल, तर शेजारच्या धारेवर मात्र अवश्य चढावे.

तेथे दगड आणि लाकडाच्या एका चौकीचे अवशेष आहेत. तिला फोर्ट पीबॉडी म्हणतात. नावात किल्ला असला, तरी चौकी एवढीशी आहे आणि ती परकीय शत्रूसाठी बांधलेली नव्हती.

टेल्यूराइडच्या धातू दळणाऱ्या गिरण्यांत कामगारांना रोज बारा तास राबावे लागे. आठ तासांच्या दिवसासाठी कायदा करावा, असा कौल कोलोरॅडोच्या मतदारांनी १९०२ मध्ये दिला. पण पुढच्या वर्षी विधिमंडळाने तो केलाच नाही. सप्टेंबर १९०३ मध्ये गिरणीकामगारांनी संप पुकारला. ‘वेस्टर्न फेडरेशन ऑफ मायनर्स’ ही खाणकामगारांची संघटना त्यांच्या पाठीशी होती. नोव्हेंबरमध्ये राज्यपाल जेम्स पीबॉडी यांनी राज्याचे सैन्य पाठवले आणि जानेवारी १९०४ मध्ये लष्करी कायदा पुकारला. बल्कली वेल्स हा गृहस्थ स्मगलर-युनियन खाणीचा व्यवस्थापक होता आणि स्थानिक सैनिकी तुकडीचा कॅप्टनही तोच होता. मालकाची बाजू आणि सरकारची बाजू एकाच अंगरख्यात होती, ती अशी.

मार्च महिन्यात एके रात्री सशस्त्र नागरिकांनी संघटनेच्या साठएक माणसांना घरांतून बाहेर काढले, आगगाडीत बसवले आणि जिल्ह्याबाहेर सोडून दिले. कित्येकांची बायकामुले मागे राहिली. आगगाडीवर पहारा बसल्यावर परतीचा एकच मार्ग राहिला, आणि तो म्हणजे यूरेहून डोंगर चढून येणे. तोच अडवण्यासाठी धारेवर ही चौकी उभी राहिली. तेरा हजार फुटांवर, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, आपल्याच घरी चालत येणाऱ्या कामगारावर बंदूक रोखून सैनिक बसत. १९०४ संपता संपता संप मागे घेतला गेला. गिरण्यांत आठ तासांचा दिवस आला. संघटना मात्र टेल्यूराइडमधून उखडली गेली. २००५ मध्ये ही चौकी राष्ट्रीय महत्त्वाच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आली.

टॉमबॉय आणि पुढे

पलीकडे उतरताना सॅव्हेज बेसिन नावाचे खोलगट पठार लागते. साडेअकरा हजार फुटांवर टॉमबॉय या खाणीची वस्ती येथे होती. हिवाळ्यात घरे बर्फात बुडत आणि हिमलोटांची टांगती तलवार असे. तरी शाळा होती, दुकान होते आणि टेनिसचे मैदानसुद्धा होते. नवपरिणीत वधू म्हणून येथे राहावयास आलेल्या हॅरिएट बॅकस यांनी म्हातारपणी ‘टॉमबॉय ब्राइड’ या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. पुस्तक १९६९ मध्ये निघाले. खाण १९२० नंतरच्या दशकात बंद पडली. आता मोडकी जोती, गंजलेली यंत्रे आणि लाकडाचे ढीग तेवढे आहेत.

विजेच्या इतिहासातही या परिसराला मान आहे. डोंगरावरची झाडे तोडून संपली आणि खेचरांवरून आणलेला कोळसा परवडेना, तेव्हा टेल्यूराइडजवळच्या एम्स येथे १८९१ मध्ये ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून ती चारएक किलोमीटरवरच्या गोल्ड किंग खाणीस पुरवण्यात आली. उद्योगासाठी प्रत्यावर्ती विद्युत्‌प्रवाह असा दूरवर नेण्याचे जगातील ते अगदी आरंभीचे उदाहरण होय. पुढे विजेच्या तारा इमोजीन खिंडीवरूनही गेल्या.

खडक फोडून काढलेल्या एका लहानशा बोगद्यातून बाहेर पडले, की खाली टेल्यूराइड दिसते. तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले, सरळ रेषेत आखलेले छोटे गाव. टेल्यूरियम या मूलद्रव्यावरून नाव पडले, पण त्याची खनिजे येथे फारशी मिळाली नाहीत. १९७२ मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळाचे केंद्र सुरू झाले आणि १९७८ मध्ये शेवटची मोठी खाण बंद झाली. खाणींनी मागे ठेवलेला गाळ व दूषित पाणी यांवरून राज्याने १९८३ मध्ये इडाराडो कंपनीवर दावा लावला. तडजोड १९९२ मध्ये झाली आणि मग सफाईचे काम सुरू झाले. गाव आता पर्यटकांचे आहे. घरे इतकी महाग झाली आहेत, की उपाहारगृहांत आणि हॉटेलांत राबणारी पुष्कळ माणसे दूरच्या गावांत राहतात आणि कामासाठी रोज येजा करतात. धारेवर पहारा नाही, तरी गावात मुक्काम करणे त्यांच्या आवाक्यात नाही.

यूरेस परत जाण्यासाठी डोंगराला वळसा घालणारा पक्का रस्ता आहे. सुमारे ऐंशी किलोमीटरांचा हा रस्ता रिजवे गावावरून जातो. मार्च १९०४ मध्ये त्या साठ माणसांची गाडी रिजवेकडेच गेली होती. तो लोहमार्ग विसाव्या शतकाच्या मध्यास उखडण्यात आला. डोंगरातली वाट मात्र अद्याप आहे, आणि बर्फ वितळले की दर उन्हाळ्यात ती उघडते.