एका जागेसाठी दोघींचा अर्ज

(पुण्यात स्त्री-कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना सांगितलं होतं, इंग्लंडात बायका एकच नोकरी दोघींत वाटून घेतात म्हणे, त्यावर बोल. मी ऐकीव काही सांगणार नाही. मी स्वतः अशी नोकरी सहा वर्षं केली. तिच्यासाठी अर्ज कसा केला, त्यातून काय मिळालं आणि काय हातचं गेलं, तेवढं सांगते.

आधी शब्द समजून घेऊ. तिकडे याला जॉब शेअर म्हणतात. जागा एकच आणि पूर्णवेळ. ती दोघीजणी मिळून भरतात. पगार, रजा, पेन्शन त्याच जागेचं, फक्त तासांच्या प्रमाणात वाटलेलं. अर्धवेळ नोकरी म्हणजे हे नव्हे. अर्धवेळ म्हणून ज्या जागा निघतात त्या बहुतेक खालच्या असतात. साफसफाई, स्वयंपाकघर, दुकानातली विक्री, काउंटर. जबाबदारीच्या जागा पूर्णवेळ. म्हणजे मूल झालं, घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की बाईनं एक तर नोकरी सोडायची, नाही तर पायरी उतरायची. जॉब शेअरमध्ये जागेची पायरी तीच राहते.

१९९९ साली लग्न होऊन मी इंग्लंडला गेले. एका नगरपालिकेत घरभाडं, बेघरपणा, भत्ते यांविषयी लोकांना सल्ला देण्याचं काम करू लागले. २००६ साली दुसरा मुलगा झाला. जवळ ना आई, ना सासूबाई. दोन मुलांच्या पाळणाघरात माझा बहुतेक पगार जाणार होता. मी कमी तास मागितले. सहा वर्षांखालच्या मुलांच्या आईवडिलांना अशी मागणी करण्याचा हक्क ब्रिटनमध्ये २००३ साली मिळाला होता. नीट ऐका, मागणी करण्याचा हक्क. नाही म्हणायला मालकाला कायद्यानंच आठ कारणं देऊन ठेवली होती. खर्च वाढेल, कामाचा दर्जा घसरेल, काम इतरांत वाटता येणार नाही, अशी. त्यातलं एक कारण टाइप होऊन माझ्या हातात आलं : येणाऱ्या लोकांची गैरसोय होईल. सोबत एक सूचना होती. काउंटरवर अर्धवेळ जागा आहे, ती घ्या. पगाराची श्रेणी एक पायरी खाली.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही असंच पत्र मिळालं होतं. ती एकटी राहायची आणि आईला सांभाळायची. आईला विस्मरणाचा आजार होता. संध्याकाळी बसची वाट पाहताना आम्ही एकमेकींना पत्रं दाखवली आणि ठरवलं, इथे मागत बसण्यापेक्षा दुसरीकडे जोडीनं अर्ज करू.

शेजारच्या नगरपालिकेची जाहिरात आली. वरिष्ठ सल्लागार, आठवड्याला ३७ तास. आम्ही वेगवेगळे अर्ज पाठवले आणि दोन्हींच्या शेवटी एक ओळ लिहिली : जॉब शेअर मिळाल्यास बरं होईल. दोघींनाही मुलाखतीला बोलावलं नाही. कारण कुणी कळवलं नाही. पण ती ओळ पुन्हा वाचली आणि आमची चूक आम्हालाच दिसली. आम्ही सवलत मागत होतो. दोघींचं जमवायचं कसं, हा विचार आम्ही त्यांच्यावर सोडून दिला होता.

पाच महिन्यांनी तशीच जागा पुन्हा निघाली. या वेळी युनियनच्या प्रतिनिधीबरोबर दोन संध्याकाळी बसलो. प्रत्येकीनं आपला अर्ज पूर्ण भरला, कारण प्रत्येकीची पात्रता स्वतंत्रपणे उतरायला हवी. त्याला दोघींच्या सहीचं एक पान जोडलं. सोमवार, मंगळवार पूर्ण आणि बुधवारी दीड वाजेपर्यंत ती. बुधवारी एकपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी. दोघींचे साडेअठरा-साडेअठरा तास. बुधवारचा मधला अर्धा तास कामं एकमेकींना समजावून देण्यासाठी. प्रत्येक प्रकरणाची नोंद एकाच वहीत. प्रत्येक प्रकरणाला एकीचं नाव लावायचं, म्हणजे जबाबदारी कुणाची हा वाद नको.

युनियनच्या बाईनं एक वाक्य मात्र खोडायला लावलं. ‘एक नसेल तेव्हा दुसरी येईल’ असं आम्ही उत्साहानं लिहिलं होतं. ती म्हणाली, असं लिहाल तर अर्ध्या पगारात आठवडाभर बांधल्या जाल. आम्ही ते बदलून लिहिलं : शक्य असेल तेव्हा येईल, आणि जादा तासांचे पैसे मिळतील.

मुलाखत आधी वेगवेगळी झाली, मग एकत्र. एकानं विचारलं, एक आजारी पडली तर? माझी जोडीदारीण म्हणाली, एकच माणूस नेमलात आणि तो आजारी पडला तर टेबल पूर्ण रिकामं राहील. आमचं निम्मं तरी भरलेलं असेल. दुसऱ्यानं विचारलं, एकीनं नोकरी सोडली तर? तेही पानावर होतं. उरलेले तास आधी राहिलेल्या बाईला द्यायचे, तिला नको असतील तर तेवढ्यांची जाहिरात द्यायची. तिला मात्र काढायचं नाही. २००७ साली ती जागा आम्हाला मिळाली.

आता दुसरी बाजूही सांगते, नाही तर ही जाहिरात होईल. पगार निम्मा म्हणजे निम्माच, आणि पेन्शनही तशीच. माझ्या घरात नवऱ्याचा पूर्ण पगार होता म्हणून मला ते परवडलं. माझ्या जोडीदारणीला परवडलं नाही. आई गेल्यावर तिसऱ्या वर्षी ती पूर्णवेळ नोकरीला गेली. घरातही एक गोष्ट घडली. मी सोमवार-मंगळवार घरी असते म्हटल्यावर आधी नवरा जी कामं करायचा तीही हळूहळू माझ्याकडे आली. नोकरी वाटली गेली, घरकाम वाटलं गेलं नाही. त्यासाठी वेगळं भांडावं लागलं.

तिच्या जागी आला तो एक पुरुष. त्याचे वडील आजारी होते. मुलाखतीत मला विचारलं होतं, मुलांना कोण बघेल? वडिलांना कोण बघतं, हे त्याला कुणी विचारलं नाही, असं त्यानंच मला सांगितलं.

यातलं काही आपोआप आलेलं नाही. १९८४ साली ब्रिटनच्या गृहखात्यातली एक कर्मचारी, दोन मुलांची एकटी आई, अपील न्यायाधिकरणापर्यंत लढली. पूर्णवेळच काम करा ही अट तिच्या बाबतीत स्त्री म्हणून अप्रत्यक्ष भेदभाव करणारी आहे, असा निकाल तिनं मिळवला. कमी तासांच्या कामगारांना केवळ तास कमी म्हणून कमी लेखायचं नाही, हा नियम २००० साली आला. एप्रिल २०२४ पासून कामाच्या पहिल्याच दिवशी तासांत बदल मागता येतो. तरीही हक्क मागण्याचाच आहे. २०१५ साली ग्रीन पक्षाच्या दोन स्त्रियांनी बेसिंगस्टोक मतदारसंघात खासदारकीसाठी जोडीनं अर्ज भरला. तो नाकारला गेला आणि उच्च न्यायालयातही त्यांना यश आलं नाही.

तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग? अंगणवाडी सेविकेला आपण मानसेवी म्हणतो, पगाराऐवजी मानधन देतो आणि काम गावभर करून घेतो. तिच्या ग्रॅच्युइटीसाठी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. म्हणून आपल्याकडे कुणी वाटून घेण्याची भाषा केली तर आधी विचारा, तास वाटले जाणार का, की फक्त पगार? बदली कामगाराचे हाल गिरणगावानं पाहिले आहेत. जागा कायम, श्रेणी तीच आणि सगळं लेखी, एवढं नसेल तर त्याला जॉब शेअर म्हणू नका.

आणि सुरुवात सरकारपासून कशाला? ती आपल्या संस्थांपासून करता येईल. आपल्याही संस्थांत समन्वयक हवी म्हणून जाहिरात निघते, आणि ती रात्री-अपरात्री धावून येईल असं आपण गृहीत धरतो. मग मूल झालेली, आजारी सासू सांभाळणारी, स्वतः अपंग असलेली कार्यकर्ती अर्जच करत नाही, आणि बाया पुढे येत नाहीत अशी तक्रार आपणच करतो. पुढची जाहिरात लिहाल तेव्हा तिच्यात एवढी ओळ घाला : ‘दोघींनी मिळून केलेला अर्जही चालेल.’ मुलाखतीला कोण येतं ते बघा. आणि काय झालं ते, फसलं तरी, इथे येऊन सांगा.