खाण कोणत्या प्रकारची, हेही विचारा
(जयसिंगपूर येथील मंडळीच्या सभेतील भाषण)



खाण म्हटले की आपल्याला क्रशरची दगडखाण आठवते. मलाही तीच आठवायची. मग चंद्रपूरला गेलो. दूरवर एक डोंगर दिसला. सोबतच्या आजी म्हणाल्या, "डोंगर नाही बाबा, आमच्या शेताची माती आहे ती." कोळशाच्या उघड्या खाणीतून काढलेला तो ढिगारा होता.

तेव्हापासून मी खाणींचे प्रकार समजून घेऊ लागलो. जमिनीच्या वरून होणारे खाणकाम ढोबळमानाने चार प्रकारचे असते.

पहिली दगडखाण. इथे दगड हाच माल, त्यामुळे टाकाऊ माती कमी; पण खड्डा उरतो.

दुसरी पट्ट्यांची खाण. खनिज उथळ आणि सपाट पसरलेले असेल तर एका पट्ट्यातले खनिज काढायचे आणि पुढच्या पट्ट्याची माती मागच्या खड्ड्यात भरायची. आपल्याच जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांवरचे बॉक्साईट असे उथळ असते.

तिसरी पायऱ्यांची उघडी खाण. खनिज खोलवर किंवा डोंगराच्या पोटात असेल तर पायऱ्या पाडत उतरतात. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, माडिया गोंडांच्या मुलखात, सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज निघते. अशा खाणीचा खड्डा वर्षानुवर्षे उघडा राहतो.

चौथा प्रकार नदीतून वाळू उपसण्याचा. तो कृष्णाकाठच्या आपल्याला सांगायला नको.

हा फरक पुस्तकी नाही. पट्ट्यांच्या खाणीत वरची सुपीक माती वेगळी राखली, तर तिथे पुन्हा पीक उभे राहू शकते. म्हणून गावाने आधीच विचारावे: वरची माती कुठे ठेवणार? खड्डा कधी भरणार? ढिगाऱ्याचे पाणी कोणत्या ओढ्यात उतरणार?

हे विचारण्याला कायद्याचा आधार आहे. 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला बळ दिले. ओडिशातल्या नियमगिरीत 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितले. बाराही ग्रामसभांनी बॉक्साईटच्या खाणीला नकार दिला.

पण आराखडा वाचता आला नाही, तर ग्रामसभा विचारणार काय? आपल्यात अभियंते आहेत, वकील आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. वर्षातले आठ दिवस द्या. गावकऱ्यांच्या शेजारी बसून तो कागद त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. निर्णय त्यांचा, आपण फक्त वाचायला मदत करायची.

त्या आजींचे शेत आता परत येणार नाही. पुढच्या गावाचे वाचू शकते.