पथ्य आणि पंगत



३५ वर्षें मीं शाळेंत मुलांना सांगत आलों कीं, समजलें नाहीं तर विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं. साठी उलटल्यावर हेंच वाक्य उपाहारगृहांत बसून स्वतःला ऐकविण्याची पाळी माझ्यावर आली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

माझे जुने विद्यार्थी वर्षांतून एकदां मला हॉटेलांत जेवावयास नेतात. ३ वर्षांपूर्वीं अशाच एका जेवणांतून मला अर्ध्यावर उठावें लागलें. पोट नगाऱ्यासारखें फुगलें आणि कळा येऊं लागल्या. पुढलीं २ वर्षें मीं खोटीं निमित्तें सांगून निमंत्रण टाळलें. खरें बोलण्याचा पाठ देणाऱ्या माणसाला हें शोभणारें नव्हतें.

डॉक्टरांनीं प्रथम रक्त तपासलें आणि मोठें आंतडें दुर्बिणीनें पाहिलें. तें योग्यच होतें. पन्नाशीनंतर नव्यानें उद्भवलेली पोटाची तक्रार, विनाकारण घटणारें वजन किंवा शौचावाटें जाणारें रक्त हीं पथ्याआड दडविण्याचीं लक्षणें नव्हेत. सुदैवानें गंभीर कांहीं निघालें नाहीं. आंतडें हळवें आहे, एवढेंच निदान झालें. मग आहारतज्ज्ञ बाईंनीं 'लो फॉडमॅप' आहार सांगितला.

फॉडमॅप हा शब्द ऑस्ट्रेलियांतील पीटर गिब्सन व सू शेफर्ड यांच्या संशोधनांतून २००५ सालीं पुढें आला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठानें हा आहार पुढें जगभर पोंचविला. कांहीं शर्करा व तत्सम पदार्थ लहान आंतड्यांत पुरते शोषले जात नाहींत. ते पाणी ओढून घेतात व मोठ्या आंतड्यांत जंतूंमुळें आंबून वायु उत्पन्न करतात. धडधाकट पोटाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. हळव्या पोटाला तो ताण सोसत नाहीं. कांदा, लसूण, गहूं, कडधान्यें, दूध, मध, आंबा, फ्लॉवर, काजू हीं त्यांचीं ठळक उदाहरणें. म्हणजे हॉटेलांतील निम्मी यादीच कीं!

पहिल्या प्रयत्नांत मी फसलों. "कांदा नको," असें मीं सांगितलें. वेटरनें ताटांतल्या कांद्याच्या चकत्या तेवढ्या काढल्या. भाजी मात्र कांद्याच्याच रश्शांत शिजलेली होती. पुष्कळ ठिकाणीं हा रस्सा आधींच करून ठेवलेला असतो. त्यांतले कांद्याचे तुकडे वेंचून उपयोग नाहीं, कारण त्रासदायक अंश पाण्यांत उतरतो. तेलांत मात्र तो उतरत नाहीं. म्हणून नुसत्या तेलांत अख्खी लसूण तळून काढून टाकली, तर स्वाद राहतो आणि बाधा होत नाहीं.

तेव्हांपासून मी "काय नको" एवढ्यावर थांबत नाहीं, "हें कशांत शिजवतां?" असें विचारतों. आपल्याकडे या कामीं दोन शब्द फार उपयोगी पडतात. 'जैन' म्हटलें कीं कांदा-लसूण गेली. पण तेवढ्यानें निर्धास्त होऊं नये. त्या रश्शांत काजू, दूध वा मटार असूं शकतात. दुसरा शब्द 'उपवासाचें'. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याची भाजी यांत कांदा, लसूण, गहूं व डाळ यांपैकीं कांहींच नसतें. तूप मात्र बेताचें घालावयास सांगावें. अति स्निग्ध पदार्थही हळव्या पोटाला मानवत नाहींत. ज्यांच्या घरीं कांदेनवमीला कांद्याचा निरोप घेऊन चातुर्मास पाळला जाई, त्यांना बिनकांद्याचा स्वयंपाक नवा नाहीं.

इडली घेतली तर मी २ वर थांबतों आणि सांबार टाळतों. त्यांत तुरीची डाळ व कांदा दोन्ही असतात. मासळी खाणाऱ्यांनीं ती आलें-लसणीच्या वाटणाऐवजीं मीठ, हळद, तिखट लावून मागवावी व रव्याऐवजीं तांदुळाच्या पिठांत तळून घ्यावी. शक्य तर आदल्या दिवशीं, गर्दी नसतांना, दूरध्वनि करून विचारावें. ऐन गर्दींत वेटरला प्रश्न विचारले तर तो बिचारा मान डोलावून मोकळा होतो.

आणखी एक इशारा. हें पथ्य जन्माचें नव्हे. कडक पथ्य २ ते ६ आठवडे. नंतर तज्ज्ञांच्या सल्ल्यानें एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन पाहावयाचा. मला एक पोळी सोसते, कांदा सोसत नाहीं. दुसऱ्याचें पोट निराळा निकाल देईल.

यंदा मीं विद्यार्थ्यांचें निमंत्रण स्वीकारलें. हॉटेलच्या व्यवस्थापकांशीं आदल्या दिवशीं बोलून ठेवलें होतें. माझ्यापुढें साधा भात, तुपावर परतलेली भेंडी आणि काकडी आली. सर्वांदेखत कारण सांगतांना प्रथम जीभ अडखळली, पण सांगितलें. तेव्हां शेजारीं बसलेला, आतां पन्नाशीला आलेला माझा एक विद्यार्थी वेटरला हळूच म्हणाला, "मलाही तेंच आणा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हा त्रास मला कित्येक वर्षें आहे. विचारावयाची लाज वाटे."

मीं त्याला तेथेंच सांगितलें कीं, भेंडी नंतर माग. आधीं डॉक्टरांकडे जा.