दुसरं दुकान



मी कवी माणूस. धंद्याविषयी बोलणार म्हटल्यावर घरात हसू पिकलं. त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या संग्रहाच्या 300 प्रती संपल्या तेव्हा हुरळून जाऊन मी 500 प्रतींची दुसरी आवृत्ती काढली. त्यातल्या 400 अजून पलंगाखाली आहेत. तेव्हा 'वाढवावं का?' या प्रश्नातलं थोडंफार मलाही कळतं.

मिरजेत आमची लॉन्ड्री आहे. अब्बांनी सुरू केली, भाईजाननी चालवली, आता पुतण्या सांभाळतो. गेल्या वर्षी तो म्हणाला, "चाचा, सांगलीत दुसरं दुकान टाकू या. मारुती चौकाजवळ गाळा मिळतोय, तोही स्वस्तात." भाभी तर बांगड्या गहाण ठेवायला तयार होत्या.

गाळा स्वस्त का, हे सांगलीकरांना सांगायला नको. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी त्या भागात शिरलं. इतर दुकानांत बुडतो तो दुकानदाराचा माल. लॉन्ड्रीत बुडतो तो दुसऱ्याच्या लेकीचा शालू. तो विचार तिथंच सोडला.

मग विश्रामबागेत एक जागा पाहिली. आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. भाडं 12,000, माणसाचा पगार 10,000, वीज आणि ने-आण 8,000. महिन्याला 30,000 झाले. एका कपड्यामागे सगळं वजा जाता सुटतात 5 रुपये. म्हणजे नुसता खर्च निघायला 6,000 कपडे हवेत. महिन्याचे 25 दिवस धरले तर रोज 240. मिरजेच्या जुन्या दुकानात चांगल्या दिवशी येतात 150. पुतण्या गप्प झाला. पण पटलेलं दिसलं नाही. तरुण माणसाला आकडे अडवत नाहीत.

अडवलं ते एका लग्नानं. पाहुण्यांकडच्या लग्नाला तो चार दिवस गेला आणि दुकान इस्त्रीवाल्या मामांवर सोडलं. मामा आमच्याकडे 30 वर्षं आहेत, हात सोन्याचा. पण कुठला कपडा कुणाचा, कुणाची उधारी किती, कुणाला कधीचा वायदा, हे सगळं पुतण्याच्या डोक्यात. तिसऱ्या दिवशी एका बाईंची पैठणी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यात गेली. ती सापडेपर्यंत दोन दिवस गेले. बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. पैसे दिले आणि पुन्हा आल्या नाहीत.

मला अब्बा आठवले. ते कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण करायचे. कितीही धुवा, जात नसे. कुठली खूण कुणाची, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. अब्बांना ताप आला की दुकानालाही ताप यायचा. एक दुकान एका डोक्यात मावतं, श्रोतेहो. दोन मावत नाहीत.

त्या रात्री मी पुतण्याला एवढंच म्हणालो, "बेटा, आधी हे दुकान तुझ्या डोक्यातून वहीत उतरव. मग आठ दिवस तिकडे फिरकू नकोस. तरीही सगळं सुरळीत चाललं, तर दुसऱ्या दुकानाचं बोलू."

वही झाली. प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी लागली. वायदे आणि उधारी मामांनाही कळू लागली. भाभींच्या बांगड्या हातातच राहिल्या. विश्रामबागेतला गाळा आम्ही घेतला नाही. तिथल्या एका ओळखीच्या शिंप्याच्या दुकानात कपडे घेण्या-देण्यापुरतं एक टेबल मांडलं. आठवड्यातून तीन दिवस टेम्पो जातो, धुणं आणि इस्त्री मिरजेतच होते. सध्या तिथून दिवसाला 60-70 कपडे येतात. 240 अजून लांब आहेत. पण ते किती लांब आहेत, हे आता आम्हाला ठाऊक आहे.

पुतण्या परवा विचारत होता, "चाचा, दिवाळीनंतर बघायचं का?"

मी म्हटलं, "आधी तुझे आठ दिवस होऊ देत." पाच झालेत. सहाव्या दिवशी तो दुकानासमोरच्या टपरीवर चहा पिताना सापडला. आता पुन्हा पहिल्यापासून मोजतो आहोत.