सर्वेवाल्या ताईंना सगळं सांगायचं का?

चांदूर रेल्वे तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतो आहोत.

मागे एका गावात गटाच्या बैठकीत सर्वेवाल्या ताई आल्या. शेती किती, कर्ज किती, कोणाकडून घेतलं, घर कोणाच्या नावावर, असे प्रश्न सुरू झाले. थोड्या वेळाने एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "दरवर्षी लिहून नेता, पण आमाले काय भेटते?" प्रश्न रास्त आहे. आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

वीस वर्षांमागे शेतकरी आत्महत्यांनी आपला भाग हादरला होता. कारण मात्र जो तो आपापलं सांगे. कोणी म्हणे दारू, कोणी म्हणे घरची भांडणं, कोणी म्हणे लग्नाचा खर्च. त्या काळात मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ श्रीजित मिश्रा यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत अभ्यास केला. जानेवारी २००६ मध्ये त्यांनी राज्य सरकारला अहवाल दिला.

या अभ्यासात एक गोष्ट महत्त्वाची होती. ज्या घरी हे दुःख झालं तिथे तर विचारलंच, पण ज्या शेतकरी घरांत असं घडलं नाही तिथेही तेच प्रश्न विचारले. काहून? कारण कर्ज तर घरोघरी आहे. दोन्हीकडची माहिती ताडून पाहिली, तरच फरक कळतो. फरक असा निघाला की दुःख झालेल्या घरांवर कर्जाचा बोजा जास्त होता, मालमत्ता कमी होती, बैल असण्याचं प्रमाण कमी होतं आणि घरात लग्नाची मुलगी किंवा बहीण असण्याचं प्रमाण जास्त होतं. एकच एक कारण नव्हतं. पण "त्याचा स्वभावच तसा होता" म्हणून हात झटकायलाही जागा राहिली नाही. त्याच वर्षी जुलैत अमरावतीसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पंतप्रधान पॅकेज जाहीर झालं.

पण मैत्रिणींनो, मागे राहिलेल्या बाईचं काय? वावर तीच वाहते, कर्जही तीच फेडते, लेकरंही तीच शिकवते. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', यांनी २०१८ साली विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अशा ५०५ बहिणींना घरी जाऊन विचारलं. त्यात दिसलं की १०० पैकी ४० जणींच्या नावावर वावर झालंच नव्हतं. घराचा हक्क तर १०० पैकी ३५ जणींनाच मिळाला होता. कितीतरी जणींना आपल्याला पेन्शन मिळू शकते हेच ठाऊक नव्हतं. ही माहिती घेऊन संघटनांनी पाठपुरावा केला. जून २०१९ मध्ये राज्य सरकारने या बहिणींसाठी शासन निर्णय काढला. वारसनोंद, रेशन कार्ड, मुलांचं शिक्षण यांत त्यांना मदत करायची, असं त्यात आलं.

म्हणजे त्या ५०५ जणींनी सांगितलं म्हणून हे कागदावर आलं. त्या गप्प बसल्या असत्या, तर काय लिहिलं गेलं असतं?

कागद निघाला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. आम्ही एका बैठकीत विचारलं, "सातबाऱ्यावर कोणाकोणाचं नाव आहे? हात वर करा." भरल्या खोलीत दोनच हात वर झाले. एक बहीण नंतर हळूच म्हणाली, "मालक जाऊन सहा वर्षं झाली. नाव मांगितलं तर घर फुटीन, म्हणून मी बोललीच नाही."

तिला आम्ही सांगितलं ते सगळ्यांना सांगतो. नाव लावणं म्हणजे घर फोडणं नव्हे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात नवऱ्याच्या मागे बायको पहिल्या वर्गातली वारस आहे. मृत्युपत्र केलेलं नसेल, तर मुलं, मुली आणि सासू यांच्याबरोबरीने तिचा वाटा असतो. मृत्यूचा दाखला घेऊन तलाठी कार्यालयात वारसनोंदीचा अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकटीला संकोच वाटला तर गटातल्या दोघी-तिघींना सोबत न्या. ती बहीण अशीच गेली. तिचा फेरफार अजून व्हायचा आहे, पण पोच तिच्या हातात आहे.

आणि सर्वेवाल्या ताई आल्या तर? कोणत्या कार्यालयातून आल्या, माहिती कशासाठी पाहिजे, हे आधी विचारा. ओटीपी किंवा बँकेचा पिन कोणालाही सांगू नका. पण खात्री पटल्यावर खरं सांगा. सावकाराचं कर्ज लपवू नका, गहाण ठेवलेलं सोनं लपवू नका. "काम काय करता?" असं विचारलं तर "काही नाही, घरीच असते" असं म्हणू नका. निंदण, वेचणी, बकऱ्या, सारं सांगा. आपण "काही नाही" म्हटलं, तर कागदावरही "काही नाही" असंच लिहिलं जातं.

जाता जाता एक. घरात कोणाचं मन फार जड झालं असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर फोन लावा. आणि पुढच्या बैठकीत आपापल्या गटात तो प्रश्न नक्की विचारा, सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे? उत्तर वहीत लिहून ठेवा.